गृध्रसी : आसन कोणतें, मर्दन कोठवर?

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बदनापूर हें तालुक्याचें गांव लागतें. तुरीच्या सुधारलेल्या जातींमुळें येथील कृषी संशोधन केंद्राचें नांव दूरवर माहीत झालें आहे. कापूस, तूर आणि मोसंबी हें या मुलखाचें वैभव होय. परंतु तें वैभव माणसाच्या कमरेच्या बळावर उभें आहे. कापसाची वेचणी वाकून होते, आणि भरलेलें पोतें पाठीवर घेऊन गाडींत चढवावें लागतें. दुसरीकडे कचेरींतला कारकून, शाळामास्तर आणि दुकानदार दिवसभर बसून असतात, व संध्याकाळीं मोटारसायकलीवर रस्त्याचे खड्डे सोसतात. एकाची कंबर वाकून शिणते, दुसऱ्याची बसून आखडते. मग एके दिवशीं कुल्ल्यापासून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरींत, आणि तेथून पावलांत वीज चमकावी तशी उतरते. दोघांचेंहि दुखणें एकच ठरतें. आयुर्वेदानें त्यास गृध्रसी म्हटलें आहे. डॉक्टर त्यास सायटिका म्हणतात.

अशा वेळीं घरांत काय होतें हें जणूं ठरलेलेंच असतें. कोणी म्हणतें, उसण भरली आहे, पायाळू माणसाला बोलावून कमरेवर लाथ मारून घ्यावी. कोणी लहान मुलाला पाठीवर चालावयास लावतें. कोणी हाडवैद्याकडून मणके 'बसवून' घेण्याचा सल्ला देतें, तर कोणी दूरचित्रवाणीवर पाहून त्याच दिवशीं पश्चिमोत्तानासन सुरू करतें. हेतु सर्वांचाच चांगला असतो. पण उसण निराळी आणि ही कळ निराळी. उसण म्हणजे स्नायूचें आखडणें. बहुधा तें थोड्या दिवसांत आपोआप सुटतें आणि श्रेय मात्र पायाळूच्या लाथेला मिळतें. गृध्रसींत दुखावलेली असते ती नस. हा भेद ध्यानांत न घेतां केलेला उपाय अपाय ठरूं शकतो.

हें दुखणें नवें नाहीं. चरकसंहितेंत वातव्याधींमध्यें त्याचें वर्णन आहे. कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमानें वेदना उतरते हें तेथें नोंदलेलें आहे. रोग्याची चाल गिधाडासारखी होते, म्हणून गृध्रसी हें नांव पडलें असें सांगतात. पाय वर उचलण्यास होणारा अटकाव हें लक्षण सुश्रुतानें दिलें आहे. आजहि डॉक्टर रोग्याला उताणें निजवून त्याचा ताठ पाय हळूहळू वर उचलून पाहतात. युरोपांत नेपल्स येथील कोतुन्यो या वैद्यानें १७६४ सालीं हें दुखणें मांडीमागच्या मोठ्या नसेचें आहे असें दाखविलें. त्या नसेवर दाब कोठें पडतो याचा उलगडा मात्र १९३४ सालीं बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शस्त्रवैद्यांनीं केला.

पाठीच्या दोन मणक्यांमध्यें एक गादी असते. तिचें कडें चिवट असतें आणि आंत मऊ गर असतो. माणूस वाकून ओझें उचलतो तेव्हां गादीच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि गर मागें सरूं पाहतो. कडें जीर्ण होऊन फाटलें, तर तो गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो. तेथें दाब पडतो, दाहहि होतो. बहुतेक वेळां हा प्रकार कमरेच्या अगदीं खालच्या दोन गाद्यांत घडतो. म्हणजे दुखतें पोटरींत, पण मूळ असतें कमरेंत. दाराची घंटा दाराशीं वाजत नाहीं, घरांत वाजते. तसेंच हें आहे. उतारवयांत मात्र कारण निराळें असूं शकतें. मणक्यांतील पोकळीच अरुंद होते. अशा माणसाला उभें राहिल्यानें व चालल्यानें कळ येते, आणि पुढें वाकून बसल्यानें बरें वाटतें.

यांत दिलाशाची गोष्ट अशी कीं, बहुतेक रोग्यांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवांचून ओसरते, कारण बाहेर आलेला गर पुष्कळदां शरीरच शोषून घेतें. त्यासाठीं अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते. १९९९ सालीं हॉलंडमध्यें १८३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दोन आठवडे निजवून ठेवलें होतें, निम्म्यांना झेपेल तसें हिंडूंफिरूं दिलें होतें. बारा आठवड्यांनीं दोन्ही गटांत शेंकडा ८७ जणांना सारखाच उतार पडला होता. तेव्हां एकदोन दिवस विसावा घ्यावा, पण पुढें थोडथोडें चालत राहावें हेंच श्रेयस्कर.

आसनांचा विचार येथें येतो. महाराष्ट्रांत या विचाराला शास्त्रीय शिस्त लावण्याचें मोठें काम स्वामी कुवलयानंदांनीं केलें. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें आणि क्ष-किरण व दाबमापक यंत्रें यांच्या साहाय्यानें योगक्रियांचे शरीरावरील परिणाम तपासले. पुढें पुण्यांत बी. के. एस. अय्यंगार यांनीं दोर, लांकडी ठोकळे, खुर्ची व घड्या घातलेलीं कांबळीं यांचा आधार देऊन, ताठर आणि दुखऱ्या शरीरालाहि आसन साधेल अशी पद्धति घडविली. दोघांच्या कार्यांतून एकच बोध निघतो : आसन माणसाला बेतून द्यावें, माणसाला ओढूनताणून आसनांत बसवूं नये.

कोणतें आसन मानवेल हें ओळखण्याची खूण एका योगायोगानें सांपडली. १९५६ सालीं न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथें रॉबिन मॅकेन्झी या व्यायामोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यांत पायाच्या कळेनें त्रस्त असलेला एक रोगी, डोक्याकडची बाजू उंच राहिलेल्या टेबलावर नकळत पालथा पडून राहिला. पांच मिनिटांनीं पाहतात तों त्याची पायांतली कळ नाहींशी झाली होती! पुढील अनुभवांतून नियम निघाला तो असा : एखाद्या हालचालीनें कळ पावलाकडून मागें सरून कमरेकडे येत असेल, तर कमरेंत क्षणभर अधिक दुखलें तरी ती हालचाल हितकर; कळ खालीं उतरूं लागली कीं तत्काळ थांबावें.

या कसोटीनें पाहतां, गादी सरकल्यानें झालेल्या दुखण्यांत प्रथम मकरासनांत नुसतें पालथें पडावें. तें मानवल्यावर कोपरांवर भार देऊन छाती किंचित् उचलावी. पूर्ण भुजंगासन बरेंच नंतर. उताणें निजून पोटऱ्या खुर्चीवर टेकविल्यास कमरेचा ताण हलका होतो. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन आणि जोरानें पीळ देणारीं आसनें कळ असेपर्यंत वर्ज्य समजावीं. सूर्यनमस्कारांतहि वारंवार पुढें वाकावें लागतें. तेव्हां नित्याचा नेम असला तरी तो तूर्त थांबवावा. श्वास कोंडून जोर करूं नये. ज्यांची पोकळी अरुंद झाली आहे अशा वृद्धांना मात्र मागें वाकणेंच बाधतें. त्यांनीं भुजंगासनाच्या वाटेस जाऊं नये. निरुपद्रवी वाटणाऱ्या वज्रासनाचाहि अतिरेक नको. तासन्‌तास तसें बसणाऱ्या एका विद्यार्थ्याचें पाऊल लुळें पडल्याची हकीकत १९७१ सालीं अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहे.

मर्दनाचें काम मर्यादित, पण उपयोगाचें आहे. नस दुखावली कीं तिच्या रक्षणासाठीं कंबर व कुल्ल्याचे स्नायु आवळून धरतात, आणि त्या आवळण्याचेंच निराळें दुखणें होतें. कोंबट तिळाच्या तेलानें हलक्या हातानें केलेलें मर्दन आणि त्यावर सोसेल असा शेक यांनीं तें आवळणें सुटतें, झोंप लागते, चालणें सोपें होतें. मात्र बाहेर आलेला गर कोणत्याहि मालिशीनें आंत जात नाहीं. मणक्यांच्या हाडांवर अंगठा रोवूं नये; पाठीवर कोणासहि चालूं देऊं नये; झटका देऊन मणका वाजवून घेऊं नये. वृद्धांचीं हाडें ठिसूळ असतात, त्यांना यापासून विशेष धोका. मधुमेही माणसाच्या बधिर पायाला शेकाची आंच कळत नाहीं आणि फोड येतात. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर तेथें रक्ताची गांठ असूं शकते. ती पोटरी मुळींच चोळूं नये.

घरगुती उपचार कोठें संपतो हेंहि प्रत्येक घरांत माहीत असावें. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचावरील ताबा सुटणें, जांघेची व बैठकीची जागा बधिर होणें, दोन्ही पायांतलें बळ जाणें, हीं लक्षणें दिसल्यास कमरेंतील नसांचा सबंध जुडगा दबला आहे असें समजावें. तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास हानि कायमची होते. बदनापूरच्या रोग्यास अशा वेळीं जालना वा संभाजीनगरचें मोठें रुग्णालय गांठावें लागतें, आणि तो प्रवास उद्यांवर टाकून चालत नाहीं. पुष्कळ स्त्रिया लघवीची तक्रार संकोचानें बोलत नाहींत. म्हणून घरांतील जाणत्या बाईनें ती आपण होऊन विचारावी. पाऊल लुळें पडून चप्पल निसटूं लागणें, कळेबरोबर ताप येणें, वजन उतरणें, पूर्वीं कर्करोग झालेला असणें किंवा पडल्यानंतर कळ सुरू होणें, यांतहि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

कळ ओसरल्यावर खरी साधना सुरू होते. ओझें उचलतांना गुडघे वांकवावे, पोतें अंगाशीं धरावें, अर्ध्या तासानें एकदां बैठक मोडावी, रोज चालावें आणि आसनांचा क्रम जाणकाराच्या देखरेखीखालीं हळूहळू वाढवावा. आसनांत स्थैर्याबरोबर सुखहि असावें असें योगशास्त्र सांगतें. ज्या आसनांत सुख नाहीं, तें त्या दिवसापुरतें बाजूला ठेवणें हाहि योगाभ्यासच होय.