वेगळा पेला

चहा आला तेव्हा चार पेले स्टीलचे होते आणि एक जर्मनचा. जर्मनचा पेला दारामागे बसलेल्या सुनेच्या हातात गेला. पोरगी तेवीस-चोवीसची. दीड महिन्यापासून टीबीची औषधं चालू. भिंतीवर तथागत, शेजारी बाबासाहेब. सासूबाई दर पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील सांगणाऱ्या. आम्ही विचारलं, "मावशी, हिचा पेला वेगळा का?"

"सिस्टर, घरात लहान लेकरू आहे ना."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, नातवाची काळजी होती. पण तो पेला आम्ही ओळखत होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो आमच्या घरात होता.

आम्ही तेव्हा नर्सिंगच्या डिप्लोमाला होतो. थोरल्या वहिनीला टीबी निघाला. आईने तिचं ताट, पेला, अंथरूण वेगळं केलं. आठ महिन्यांची पोर तिच्यापासून तोडली, अंगावरचं दूध बंद केलं. शेवटी भावाने वहिनीला माहेरी नेऊन सोडलं. आम्ही सुट्टीत घरी आलो होतो, पुस्तकात सगळं वाचलेलं होतं, आणि गप्प बसलो. आईपुढे बोलायची हिंमत नव्हती हे खरं. आम्हालाही भीती वाटत होती, हे त्याहून खरं.

ज्या आईने हे केलं, तिच्या आईने गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन पिलं होतं. हॉटेलाबाहेर आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची, ती पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्याचा अभिमान आपण दरवर्षी सांगतो. मग आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सुनेसाठी, तो पेला परत कसा आला?

आणि तो बिनकामाचा आहे. टीबी उष्ट्याने, ताटाने, पेल्याने, कपड्याने पसरत नाही. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ राहतात. गाठीचा, हाडाचा टीबी तर सहसा दुसऱ्याला लागतच नाही. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत जंतू पसरण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणजे त्या सुनेला दीड महिन्यानंतर वेगळा पेला देण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

खरी गरज हवेची. आता दहा बाय बाराच्या खोलीला खिडकी कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. दार उघडं ठेवा, पेशंटला दिवसा ओट्यावर बसू द्या, खोकताना तोंडावर रुमाल धरू द्या. पण ओट्यावर बसवलं की शेजारी विचारतात काय झालं, म्हणून घरं दार लावून घेतात. खोली बघायला गेल्यावर आडनाव सांगताना जीभ अडखळते ना, तसंच हे. बंद दाराआड हवा कोंडते आणि ज्या लेकराला जपायचं, तेच जास्त धोक्यात येतं.

लेकराला जपायचं तर त्याची तपासणी करून घ्या. घरातल्या सगळ्यांचीच करा. ज्यांना टीबी नाही त्यांना प्रतिबंधाची औषधं मिळतात; पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी ती फार मोलाची. साध्या टीबीचा उपचार चालू असलेली आई मास्क लावून अंगावर पाजू शकते. आमच्या वहिनीच्या पोरीचं दूध तोडायची गरज नव्हती, हे लिहिताना आजही हात थांबतो.

साध्या टीबीचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत. लघवी लाल-केशरी होते, ती औषधामुळे, घाबरू नका. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच माणसं गोळ्या सोडतात. मग आजार चिवट होतो, औषधं लांबतात. आहारासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. त्या पैशांची अंडी, डाळ, शेंगदाणे सुनेच्याच ताटात पडतात ना, एवढं बघा. घर चालवताना ते पैसे कुठे जातात, आम्हाला ठाऊक आहे.

वर्षावासात भन्तेजी महावग्गातली एक गोष्ट सांगतात. हगवणीने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी बघत नव्हतं. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवलं. नंतर त्यांनी भिक्खूंनाच विचारलं की याची सेवा का केली नाहीत. मावशींना ही गोष्ट आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. म्हणून आम्ही ती सांगितली नाही. आमचा स्टीलचा पेला सुनेला दिला, जर्मनचा आमच्याकडे घेतला आणि चहा पिला. मावशी बघत राहिल्या.

पुढच्या वेळी गेलो तर जर्मनचा पेला होताच. तिसऱ्या वेळी दिसला नाही. लेकराची तपासणी झाली होती आणि दार उघडं होतं.

वहिनी बरी होऊन कधीच परत आली. भावाचं घर आता वेगळं आहे, पोरगी कॉलेजला जाते. सणावाराला वहिनी आईकडे येते, हसते, बोलते, भाकरी थापू लागते. पाणी मात्र पिशवीतल्या बाटलीतलंच पिते. आईने अजून तिला विचारलेलं नाही, आणि आम्हीही नाही.