दोन खुंट्या, एक फीत आणि पऱ्हाटीचा नकाशा

भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण 1802 साली मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथेच आहे. एक आधाररेषा काटेकोर मोजायची आणि पुढचे काम त्रिकोणांवर सोपवायचे, ही त्यांची रीत. मैलोगणती अंतरे साखळीने मोजणे अवघड, म्हणून ते कोन मोजत आणि त्यासाठी सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट वाहून नेत. शाळेशेजारच्या वावरात मात्र अंतर मोजणेच सोपे. तेव्हा आपण कोनांच्या वाटेला जाऊ नये.

पण झाडांचा नकाशा हवाच कशाला? शंभर पऱ्हाट्यांपैकी वीस वाळल्या, हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. त्या एका सखल कोपऱ्यात असतील तर आधी तिथे साचणारे पाणी पाहावे लागेल. वावरभर विखुरल्या असतील तर शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. मोबाइलमधील जीपीएस इथे कुचकामी. उघड्यावरही तो काही मीटरांनी चुकतो आणि पऱ्हाट्यांमध्ये अंतर असते दोन-तीन फुटांचे.

आपला तुकडा 10 मीटर लांब व 6 मीटर रुंद धरू. लांब बाजूला समांतर, बरोबर 10 मीटर अंतरावर ‘अ’ आणि ‘ब’ या खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक बुंध्याचे दोन्ही खुंट्यांपासूनचे अंतर वहीत नोंदवावे. एखादे झाड ‘अ’पासून 6 आणि ‘ब’पासून 8 मीटर असेल, तर मीटरला सेंटिमीटर या प्रमाणात कैवाराने दोन कंस काढावेत. तुकड्याच्या बाजूला ते छेदतात तेथे झाड. (नववीची मुले पायथागोरसने पडताळतील : रेषेवर ‘अ’पासून 3.6 मीटर, रेषेपासून 4.8 मीटर.)

खुंट्या तुकड्याच्या कडेवरच ठोकण्याचा मोह होतो. तो टाळावा. रेषेच्या मध्यावर, रेषेपासून 20 सेंटिमीटर दूर असलेल्या झाडाचे अंतर 5.004 मीटर भरते. म्हणजे 20 सेंटिमीटरचा फरक फितीवर जेमतेम 4 मिलिमीटर! कंस एकमेकांना नुसते घासून जातात. रेषा तुकड्याबाहेर 2 मीटर सरकवली, की तेवढाच फरक फितीवर जवळजवळ 8 सेंटिमीटर दिसतो. आमच्या मते सारी अचूकता या दोन मीटरांत आहे, महागड्या फितीत नाही.

सुतळी मात्र वापरू नये. ओढली की ती ताणली जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खुंट्या हलतात. म्हणून दर खेपेस अ-ब अंतर पुन्हा मोजावे आणि दर दहाव्या झाडाचे अंतर तिसऱ्या खुंटीपासूनही घ्यावे.