जुनी मॅन्युअल लेन्स खरंच जास्त शार्प असते का?

‘जुन्या काचेला तोड नाही, आताच्या ऑटोफोकस लेन्स नुसत्या प्लास्टिकच्या,’ असं सांगणारे मुंबईच्या बोरा बाजारात सहज भेटतात. नवा कॅमेरा घेणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं: लेन्स जुनी म्हणजे फोटो मऊ येणारच. दोघंही उत्तर भलतीकडे शोधतात. ऑटोफोकस म्हणजे लेन्समधल्या काचा पुढे-मागे सरकवण्याची सोय, एवढंच. फोटोचा शार्पनेस ठरतो तो काचांची रचना, त्यांच्यावरचा लेप, घडणीतली अचूकता आणि फोकस नेमका कुठे बसला यांवर.

५० मिमीच्या लेन्स बघा. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली झाइससाठी ‘प्लानार’ची रचना केली. ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या काचा, ही तिची ओळख. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक मॅन्युअल ५० मिमी लेन्स याच घराण्यातल्या. कॅननची १९९० सालची प्लास्टिकच्या आवरणाची स्वस्त ऑटोफोकस ५० मिमी एफ/१.८ सुद्धा त्याच वंशातली. म्हणून एफ/८ ला काढलेल्या फोटोंचा मधला भाग शेजारी-शेजारी ठेवला, तर कोणता कशाने काढला हे सांगणं अवघड जातं. फरक दिसतो तो ॲपर्चर पूर्ण उघडल्यावर आणि कोपऱ्यांत. जुन्या वेगवान लेन्स तिथे धूसर चमक देतात, कॉन्ट्रास्ट उतरतो.

मॅन्युअल म्हणजे जुनाट, हाही गैरसमजच. २०१३ साली आलेली झाइसची ओटस ५५ मिमी एफ/१.४ पूर्णपणे मॅन्युअल आहे आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही कमालीची शार्प आहे. पुढच्याच वर्षी आलेली सिग्माची ५० मिमी एफ/१.४ आर्ट ऑटोफोकसवाली. तीही जुन्या पन्नासांच्या कितीतरी पुढे आहे. पहिलीत १२ काचा, दुसरीत १३. जुन्या घराण्यात सहा-सात असायच्या.

माझ्या मते घरगुती तुलनांमध्ये लेन्सपेक्षा फोकसची चूकच जास्त मोजली जाते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स एफ/१.४ ला ठेवून एक मीटरवरचा चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा असतो. डोळ्याऐवजी कानावर फोकस गेला की दोष लेन्सच्या माथी. फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यांत मधोमध दुभंगलेली प्रतिमा जुळवून फोकस करता यायचा. डीएसएलआरच्या फोकसिंग स्क्रीनवर ती सोय सहसा नसते. शिवाय तो स्क्रीन प्रत्यक्षापेक्षा जास्त भाग फोकसमध्ये असल्याचं दाखवतो. ऑटोफोकसही तिथे निर्दोष नव्हता. आरशाखालचा वेगळा सेन्सर अंतर मोजायचा, आणि त्याची जुळणी किंचित हलली की फोकस सतत पुढे किंवा मागे बसायचा. म्हणून २००७ साली कॅननच्या वन-डी मार्क थ्री आणि निकॉनच्या डी-३ या कॅमेऱ्यांत लेन्सगणिक सूक्ष्म दुरुस्तीची सोय आली. मिररलेसमध्ये प्रतिमेच्या सेन्सरवरूनच फोकस होतो, आणि मॅन्युअलसाठी दृश्य मोठं करून पाहता येतं. फक्त रंगीत कडा दाखवणाऱ्या पीकिंगवर विसंबू नका. उघड्या ॲपर्चरला ते फारच उदारपणे कडा रंगवतं.

ॲडॉप्टरकडे तर कुणी बघतच नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सला सेन्सरपासून ४२ मिमी अंतर लागतं, ईएफ कॅमेऱ्यात ते ४४ मिमी आहे. अनंतावर फोकस मिळवायचा तर ॲडॉप्टरमध्ये जादा काच घालावी लागते, आणि ती स्वस्तातली असेल तर चांगल्या लेन्सची वाट लावते. मिररलेसमध्ये हे अंतर १६ ते २० मिमी, त्यामुळे रिकामी धातूची कडी पुरते. ती कडी किंचित तिरकी असली, तर फोटोची एकच बाजू मऊ येते.

‘ॲपर्चर जितकं लहान तितका फोटो शार्प’ हेही खरं नाही. एफ/१६ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे एका बिंदूची सुमारे २१ मायक्रॉनची चकती होते, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. तिथे कोणतीही लेन्स ढेपाळते. एफ/५.६ ते एफ/८ ला तुलना केलेली बरी.

जुन्या लेन्सची प्रकृती हा आणखी एक मुद्दा. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचांवर बुरशी चढते, कॉन्ट्रास्ट खालावतो, आणि त्याचं खापर रचनेवर फुटतं. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे, ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. त्याने रंग आणि प्रकाश बदलतो, शार्पनेस नाही. अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

तुलना करायचीच तर ट्रायपॉडवर, टायमर लावून, दोन्हींना एकच ॲपर्चर ठेवा. दृश्य मोठं करून फोकस करा. मध्यभागासाठी एकदा आणि कोपऱ्यासाठी पुन्हा वेगळा, कारण अनेक लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसतं. फोटो रॉमध्ये घ्या आणि लेन्सच्या आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या बंद करा, नाहीतर नव्या लेन्सला ती मदत मिळते, जुनीला नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंदच ठेवा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून हातात धरून काढणार असाल, तर जुन्या लेन्सची फोकल लेंग्थ मेनूत स्वतः भरा. आधीच्या लेन्सचे १३५ मिमी तसेच राहिले आणि ५० मिमी लावली, तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सेन्सर हलवतो आणि फोटो हललेला येतो तो त्यामुळेच.