पक्ष्याच्या पायाखालची फांदी

मनुष्य दमला म्हणजे बसतो, झोंप आली म्हणजे आडवा होतो. गाय रवंथ करतांना पाय मुडपून बसते. पिंजऱ्यांतील पक्ष्याला मात्र अशी सोय नाहीं. तो उभा राहूनच खातो, उभा राहूनच पंख विंचरतो, आणि रात्रीं एक पाय पोटाशीं घेऊन उभ्यानेंच झोंपतो. दिवसाचे चोवीस तास त्याचें सारें वजन दोन लहानशा तळव्यांवर असतें. आपण पिंजऱ्याचा रंग पाहतों, वाट्या पाहतों, झोपाळा पाहतों. परंतु त्या तळव्यांखालीं काय आहे, हें क्वचितच पाहतों. आम्हींहि तें पाहिलें नव्हतें. त्या चुकीचें फळ एका मुक्या जिवाला भोगावें लागलें, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं ओसरीवर राव्याचा पिंजरा टांगलेला असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याअन्वयें आपल्या देशांतील पोपट पकडणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे. हल्लीं घरोघरीं दिसतो तो परदेशचा लहानसा पोपट. बाजारांत त्यास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. परंतु त्याचें खरें नांव बजरीगर. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा; हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील रुक्ष मुलखाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं हे पक्षी जिवंत इंग्लंडांत नेले, आणि तेथून ते जगभर पाळले जाऊं लागले. आपल्या मूळ देशीं ते मोठमोठ्या थव्यांनीं हिंडतात, निलगिरीच्या फांद्यांवर विसावतात आणि तिच्याच ढोलींत पिलें वाढवितात.

आतां या पक्ष्याचा पाय पाहूं. पोपटाच्या जातींत दोन बोटें पुढें व दोन मागें असतात. चिमणी, मुनिया इत्यादिकांस तीन पुढें व एक मागें. दोहोंचें काम एकच, फांदी कवटाळून धरणें. परंतु रानांतील कोणत्याहि दोन फांद्या सारख्या नसतात. एक जाड, दुसरी बारीक. एक आडवी, दुसरी तिरपी. एक घट्ट, दुसरी वाऱ्यानें डोलणारी. म्हणून प्रत्येक वेळीं बोटांची पकड बदलते, आणि तळव्याच्या निरनिराळ्या भागांवर भार वांटला जातो. दुकानांतून आणलेल्या पिंजऱ्यांत दोन-तीन दांड्या असतात त्या सर्व एकाच मापाच्या, गुळगुळीत, प्लॅस्टिकच्या किंवा रंधून गोल केलेल्या लांकडाच्या. तेथें तळव्याचा तोच तो बिंदू रात्रंदिवस दाबला जातो. त्या ठिकाणीं रक्त नीट खेळत नाहीं. त्वचेवरील बारीक खरबरीतपणा झिजतो, ती लाल होऊन चकाकूं लागते. पुढें सूज येते व जखम होते. जखमेंतून जंतु आंत शिरले म्हणजे विकार स्नायुबंधांपर्यंत व हाडापर्यंतहि जातो. पशुवैद्य यास ‘बंबलफूट’ म्हणतात. पक्षी फार लठ्ठ झाला असेल, किंवा त्यास केवळ राळे व बाजरी यांवरच ठेविलें असेल, तर हा विकार अधिक लवकर जडतो.

आमच्या घरीं एक जोडी होती. वर्षभरानंतर नर वारंवार पाय बदलूं लागला. कधीं तो दांडी सोडून तासन्‌तास पिंजऱ्याच्या तारांना लोंबकळून राही. मुलांस ती त्याची गंमत वाटे, आणि आम्हांसहि. त्याचीं नखें वाढलीं असावीं असें समजून आम्हीं दांडीवर चढवावयाचा पॉलिशकागदाचा गवसणा विकत आणला. नखें तर झिजलीं नाहींतच. आधींच हुळहुळी झालेली कातडी मात्र सोलली गेली. शेवटीं पशुवैद्यांकडे नेलें, तेव्हां त्यांनीं औषध दिलें खरें, परंतु त्याआधीं एकच प्रश्न विचारला, “दांडी कसली आहे?” त्या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हांस लाज वाटली.

त्या दिवशीं परसांतील पेरूची फांदी आणली. तेव्हांपासून जें शिकलों तें येथें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट झाडाची निवड. पेरूचें लांकूड चिवट असतें, फांद्या वेड्यावांकड्या असतात, आणि साल कुरतडण्यास पक्ष्यास आवडतें. निलगिरी व सुरू हींहि चालतात. बाभूळ घेतल्यास एकूणएक कांटा काढावा. कण्हेर, बिट्टी, रुई, शेर, धोतरा व घाणेरी यांच्या वाटेस मुळींच जाऊं नये. हीं विषारी आहेत, आणि पक्षी फांदीवर केवळ उभा राहत नाहीं, तो ती चावतो. ज्या झाडाची ओळख पटत नाहीं त्याची फांदी घेऊं नये. औषध फवारलेल्या बागेंतील, धुळीच्या हमरस्त्यावरील, अथवा किडकी व बुरशी आलेली फांदीहि वर्ज्य समजावी. झाड दुसऱ्याचें असल्यास विचारून घ्यावी, हें सांगणें नकोच.

दुसरी गोष्ट जाडी. पक्षी बसला असतां त्याच्या बोटांनीं फांदीला सुमारें दोन-तृतीयांश वेढा घालावा. पुढचीं व मागचीं नखें खालीं एकमेकांस भिडूं नयेत. बजरीगरास १० ते २० मिलिमीटर, म्हणजे मुलाच्या करंगळीपासून मोठ्या माणसाच्या अंगठ्यापर्यंत जाडी पुरते. एकाच फांदीवर ही जाडी कमी-अधिक होत गेली तर फारच उत्तम. दुकानच्या दांडीवर तिची सरशी आहे ती यांतच.

तिसरी गोष्ट स्वच्छता. पानें व डहाळ्या काढून, शेवाळ खरडून, फांदी जाड ब्रशनें गरम पाण्यांत घासावी. साबण किंवा फिनेल लावूं नये. मग तिच्यावर उकळतें पाणी ओतून तीन-चार दिवस कडक उन्हांत वाळवावी. पावसाळ्यांत याहून अधिक दिवस लागतात, कारण ओल राहिली तर बुरशी धरते. टोंकें कानशीनें बोथट करावीं. साल काढूं नये, आणि रंग किंवा व्हार्निश तर मुळींच देऊं नये.

चौथी गोष्ट बसविण्याची. सोपी रीत अशी कीं पिंजऱ्याच्या रुंदीहून फांदी अर्धा इंच अधिक लांब कापावी, आणि दोन्ही टोंकांस करवतीनें पाव-पाव इंच खोल खांच पाडावी. पिंजऱ्याच्या उभ्या तारा या खांचांत बसतात. दोन्ही खांचा एकाच रेषेंत पडल्या पाहिजेत, नाहीं तर फांदी पीळ खाऊन सुटते. फांदी आंखूड असेल तर जाड टोंकाला गिरमिटानें भोंक पाडून, ज्याच्या एका अंगास स्क्रूचे व दुसऱ्या अंगास बोल्टचे आटे असतात असा खिळा बसवावा. तारांच्या आंत व बाहेर एकेक रुंद वायसर घालून बाहेरून नट आंवळावा. हें सामान स्टेनलेस पोलादाचें घ्यावें. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा नट पक्ष्यानें चावला तर जस्त पोटांत जाऊन विषबाधा होते. हें काम मुलांनीं वडील माणसांच्या देखत करावें.

शेवटची गोष्ट जागेची. अन्नपाण्याच्या वाट्यांवर फांदी येऊं देऊं नये. विष्ठा त्यांत पडते. झोंपण्याची फांदी सर्वांत उंच असावी, कारण पक्षी रात्रीं उंच जागा शोधतो. शेंपूट तारांस घासणार नाहीं इतकें अंतर ठेवावें, आणि पंख पसरण्यास मोकळी जागा उरावी. आठवड्यांतून एकदां फांदी खरडून पुसावी; ती फार कुरतडली गेली म्हणजे बदलावी. ती कुरतडली गेली तर खेद करूं नये, तीच त्या पक्ष्याची करमणूक होय.

आमच्या पक्ष्यानें पहिले दोन दिवस नव्या फांदीकडे पाठ फिरविली. अनोळखी वस्तूचें त्यास भय वाटतें. म्हणून जुनी दांडी लगेच न काढतां नवी तिच्याशेजारीं लावावी. तिसऱ्या दिवशीं तो भीत भीत एक पाय ठेवून गेला, आणि आठवड्याच्या अखेरीस तिच्यावर झोंपूं लागला. दीड महिन्यानें उजवा पाय बरा झाला. डाव्या पायाची सूज मात्र पुरती गेली नाहीं. तो पाय तो आजहि जपून टेकतो, आणि तें पाहिलें म्हणजे आमचें आम्हांस वाईट वाटतें.

फांदी लावल्यानें पिंजऱ्याचें रान होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याचें आकाश आपण घेतलें, त्याच्या पायाखालीं निदान झाड ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं पिंजरा असेल तर आज सायंकाळीं पक्षी तारांना चढेल तेव्हां त्याचे तळवे निरखून पाहा. ते लाल व चकाकत असतील, तर आईवडिलांना तेथेंच बोलावून दाखवा, आणि पशुवैद्यांकडे नेण्यास विलंब लावूं नका.