विहिरीतली बुडी आणि समुद्रातली बुडी

पावसाळा सरला की करकंब-पंढरपूर भागातून कोकणात सहली निघतात. हल्ली त्यांत मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग हमखास असते. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथील खडकांवर प्रवाळ, इवले खेकडे, रंगीत मासे दिसतात. त्यांचे फोटो काढण्याचा छंद चांगलाच. पण प्रकृतीच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

श्वास रोखू नका : विहिरीत पोहायला शिकलेल्यांना बुडी मारताना श्वास रोखण्याची सवय असते. स्कूबात नेमके उलटे करावे लागते. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली दबते आणि वर आल्यावर पूर्ववत होते. स्कूबात मात्र खालच्या दाबानुसार टाकीतून हवा मिळते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. दोन मीटरवरूनही हा धोका संभवतो. बारीक जीवाचा फोटो घेताना हात हलू नये म्हणून नकळत श्वास रोखला जातो, आणि भरलेल्या छातीमुळे शरीर वर तरंगू लागते. म्हणून श्वास संथ, पण अखंड चालू ठेवावा.

कान सांभाळा : खाली जाताना सुरुवातीपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. कान दुखल्यास थोडे वर यावे, जोर करू नये. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी टाळावी.

हात लावू नका : लायनफिशचे काटे विषारी असतात. डंख झाल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून डॉक्टरांकडे जावे. प्रवाळाला तर कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे गुन्हा ठरतो.

कोणी जाऊ नये? गर्भवतींनी, तसेच फीट येणाऱ्यांनी व कानाचा पडदा फाटलेल्यांनी. दमा किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि प्रशिक्षकापासून आजार लपवू नये.

वर आल्यावर छातीत दुखणे, धाप, मुंग्या, हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्रास गावी परतल्यावर सुरू झाला, तरी आपण समुद्रात बुडी मारली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यावरच उपचारांची दिशा ठरते.