चारपैकी किती चाकं चालतात, भो?

पिकअपचा फोर व्हील ड्राइव्ह ऐन चिखलात रुसला, तर मिस्त्रीला फोन लावण्याआधी घरच्या अंगणात काय काय तपासता येतं? सुट्टीला खान्देशात जाणाऱ्यांसाठी, आणि ऑफिसमध्ये बसून फोनवरून गाडी 'दुरुस्त' करणाऱ्यांसाठीही, हा खास फण्डा!

शुक्रवारची शेवटची मीटिंग संपते, बॅग पाठीला लागते आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं सुटतं. सकाळी डोळे उघडतात तेव्हा धुळं गेलेलं असतं, पारोळा-एरंडोल मागे पडलेलं असतं. घरी पोचल्यावर चहाचा कप हातात येतो न येतो तोच आप्पा म्हणतात, "ते तुझं फोर व्हील लागत नाही बरं का. जरा बघ."

आता तुम्ही जावा शिकलात, एसएपी शिकलात. पण घरच्यांच्या लेखी इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर! त्यातून सुटका नाही. आणि खरं सांगायचं तर हे काम वाटतं तितकं अवघडही नाही.

खान्देशात हा शौकाचा मामला नाही, हे आधी लक्षात घ्या. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण घड कापून झाले आणि वरून पाऊस आला, तर मानांकन गाडी बाहेर काढत नाही. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि दहा मिनिटांत टायर गुळगुळीत करून टाकते. कापलेला माल थांबत नाही, व्यापारी थांबत नाही. अशा वेळी पुढची दोन चाकं चालतात की नाही, यावर त्या दिवसाचे पैसे ठरतात.

आधी ओळख तर करून घ्या

पहिला प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचाराच. गाडीला फोर व्हील ड्राइव्ह आहे ना? आपल्याकडे दारोदार दिसणाऱ्या बहुतेक पिकअपची फक्त मागची चाकं चालतात. फोर बाय फोर असतात त्या बोलेरो कॅम्परच्या काही गाड्या, जुन्या स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉनच्या काही गाड्या, २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स.

या गाड्यांचं तंत्र साधारण सारखंच. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. टू-एच लावलं की ताकद फक्त मागे जाते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टलाही जोडून घेते. फोर-एल म्हणजे चारही चाकं, पण वेग कमी आणि जोर जास्त. पुढे शाफ्टकडून डिफरन्शिअलला आणि तिथून चाकांना ताकद मिळते. शेवटच्या टप्प्यावर काही गाड्यांत चाकाचे हब लॉक व्हावे लागतात, तर काहींत पुढचा अ‍ॅक्सल जोडणारं एक यंत्र असतं.

म्हणजे साखळीत कड्या तीन: हुकूम देणारा नॉब किंवा दांडा, ट्रान्सफर केस आणि पुढचे हब किंवा अ‍ॅक्सल. कुठली कडी सुटली ते शोधायचं, बस्स!

नॉब फिरवला, दिवा मिचकावतो

दिवा स्थिर लागला तर सिस्टीमच्या मते काम झालंय. मिचकावत राहिला तर ती अजून प्रयत्न करतेय. बऱ्याचदा दोष गाडीत नसतो, लावण्याच्या पद्धतीत असतो. फोर-एच लावताना स्टिअरिंग सरळ हवं आणि मागची चाकं जागेवर गरागरा फिरत नसावीत. फसल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि मग नॉब फिरवायचा, हा आपला राष्ट्रीय छंद बंद करा! चिखल दिसला की आधीच फोर-एच लावा. फोर-एलसाठी साधारणपणे गाडी उभी आणि गिअर न्यूट्रल लागतो. तुमच्या गाडीची वेगाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसी आणि पीयूसीच्या खाली निवांत झोपलेलं असतं.

पद्धत बरोबर असूनही दिवा मिचकावतोय? मग इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, नॉब फिरवा आणि कान द्या. खालून मोटरचा 'घर्र-टक' आवाज आला, तर वीज पोचतेय. काहीच आवाज नाही, तर क्रमाने बघा:

• फ्यूज. मॅन्युअलमधला नकाशा बघून नेमका तोच काढा. उडालेला असेल तर तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा घाला, मोठा नाही.
• बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा.
• ट्रान्सफर केसजवळचं कनेक्टर. चिखल भरलाय का, पिना हिरव्या पडल्यात का?
• वायर. शेडमध्ये धान्याच्या पोत्यांशेजारी उभी असलेली गाडी म्हणजे उंदरांसाठी ओपन बुफे!

काही मॉडेल्समध्ये पुढचं जोडकाम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं. तिथे पातळ रबरी नळ्या तपासा. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ च्या घरात जातो आणि या नळ्या तडकतात. नळीला बारीक चीर असेल तर दिव्याचा काही उपयोग नाही, पुढचं चाक ढिम्मच राहतं.

जुन्या गाड्यांत हब हाताने फिरवायचे असतात. दोन्ही चाकांचे हब 'लॉक'वर आहेत ना, ते उतरून बघा. एक लॉक आणि एक फ्री असेल, तर आत दांडा ओढून काहीही होणार नाही.

गोल चक्कर टेस्ट

आता खरी परीक्षा. मोकळं शेत किंवा मुरुमाची जागा निवडा, डांबरी रस्ता नको. टू-एचमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून, माणूस चालेल इतक्या वेगाने गोल चक्कर मारा. मग सरळ होऊन फोर-एच लावा आणि तशीच चक्कर मारा. या वेळी स्टिअरिंग जड लागलं, गाडी अडखळत, ओढल्यासारखी चालली, तर अभिनंदन! फोर व्हील लागलंय. दोन्ही चकरांमध्ये काहीच फरक नसेल तर पुढे ताकद जात नाही.

हे अडखळणं का? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो, त्यामुळे हा फरक माती घसरूनच भरून निघतो. डांबरावर टायर घसरत नाही आणि सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. म्हणूनच कोरड्या हायवेवर फोर-एच लावून 'जास्त ग्रिप' मिळवायला जाऊ नका. तसं केल्यावर फोर-एच सुटेनासं झालं, तर घाबरू नका. दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या. ताण सुटतो आणि दांडाही सुटतो.

दोन माणसांची टेस्ट

चक्कर मारून काही जाणवलं नाही तर दोष नेमका कुठे आहे ते शोधू. कडक, सपाट जागा हवी, अंगणातला कोबा उत्तम. काळ्या मातीवर जॅक कधीच नाही, तो हळूच आत जातो. गाडी दोन मीटर सरळ चालवून फोर-एच लावा आणि इंजिन बंद करा. पहिला गिअर टाका, हॅण्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी भक्कम स्टॅण्डवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

आता भावाला डावं चाक घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही उजवं फिरवा.

• चाक फिरतच नाही: सगळं जोडलेलं आहे.
• चाक फिरतं आणि पुढचा शाफ्टही फिरतो: ट्रान्सफर केस लागलेली नाही.
• चाक फिरतं, शाफ्ट मात्र स्थिर: दोष हब किंवा पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे.

पाच मिनिटांत साखळीची तुटलेली कडी सापडली! एक अट मात्र आहे. आपोआप लॉक होणारे हब किंवा व्हॅक्यूमचं तंत्र असेल, तर इंजिन बंद असताना ही टेस्ट फसवू शकते. तिथे गोल चक्करच खरी.

नाल्यातून आलात? तेल बघा

डिफरन्शिअलला एक श्वासनळी असते. ती चिखलाने बुजली आणि गरम डिफरन्शिअल अचानक थंड पाण्यात गेलं, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की तेल तपासा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते लगेच बदला. चुंबकावर बारीक काळा लेप असणं नॉर्मल. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गाडी थांबवा.

तेल काढताना एक सोनेरी नियम पाळा. आधी भरायचा बोल्ट सोडून बघा, मगच निचऱ्याचा. वरचा जाम असेल आणि खालून सगळं तेल सांडून बसलात, तर तालुक्याला जायचं कशाने? आणि तेल कुठलं घालायचं ते मॅन्युअल ठरवेल, शेजारचे काका नव्हे. काही ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल लागतं, काहींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं.

जाता जाता टायरही बघा. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा वेगळ्या साइजचे टायर असतील तर फोर-एचमध्ये शाफ्ट सतत एकमेकांशी भांडत राहतात.

हा बिघाड नाहीच!

फोर-एच लागलंय, तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत फिरतंय आणि गाडी जागेवरच? सिस्टीम ठणठणीत आहे. साधं डिफरन्शिअल ताकद कमी अडथळ्याच्या चाकाकडे सोडून देतं. अशा वेळी चाकाखाली फळी, दगड, केळीची वाळलेली पानं, जे मिळेल ते घाला.

मिस्त्रीकडे कधी?

करकर आवाज, तेलाची गळती, फ्यूज पुन्हापुन्हा उडणं, किंवा सगळं तपासूनही मिचकावणारा दिवा. यापुढे स्कॅनर आणि अनुभवी हात लागतो. पण तिथे "फोर व्हील चालत नाही" एवढंच सांगू नका. "मोटरचा आवाज येतो, शाफ्ट स्थिर राहतो, हब लागत नाहीत," असं सांगा. मिस्त्री मान वर करून बघेल आणि नको ते खोलण्याचा खर्चही वाचेल.

शेवटची आणि सगळ्यात स्वस्त टीप. वर्षभर न वापरलेलं फोर व्हील ऐन जुलैत लागत नाही, कारण आतले भाग जाम होतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-एचमध्ये फिरवा. हिवाळ्यात तर बहाणाही तयार असतो, शेतातली भरीत पार्टी! भरताची वांगी, कळण्याची भाकरी आणि चार मित्र मागे हौद्यात. गाडीची परीक्षा होईल आणि सोमवारच्या मीटिंगपर्यंत पोटही भरलेलं राहील.