चार मीटरांची मोटार आणि दिव्याचे गिऱ्हाईक : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण हे पाहिले की, चार मीटर लांबीच्या आत बसणाऱ्या आणि ठरावीक क्षमतेचे इंजिन असणाऱ्या मोटारींवरील अबकारी शुल्क २००६ च्या अंदाजपत्रकात शेकडा चोवीसावरून सोळावर आणले गेले, आणि महसुलाच्या त्या एका तरतुदीने पुढील दोन दशकांत भारतीय मोटारीचा आकारच ठरवून टाकला. २०१७ साली आलेली टाटांची नेक्सॉन, २०२१ ची पंच, महिंद्रांच्या नाशिकच्या कारखान्यातील २०२४ ची थ्री एक्स ओ आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्कोडाने चाकणहून बाजारात आणलेली कायलॅक, या सर्व गाड्या त्या चार मीटरांच्या चौकटीतच जन्मल्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर शेकडा अठरावर आल्याने त्यांचे आकर्षण अधिकच वाढले. परंतु सवलत कोणत्या गाडीला मिळते हे कळले, तरी ती गाडी कोणाला उपयोगी पडते हे त्यावरून कळत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या गावाला समोर ठेवून करणे मला इष्ट वाटते, म्हणून आज दिवा.

दिवा हे मध्य रेल्वेवरील जंक्शन. येथून एक मार्ग पनवेलकडे व पुढे कोकणात, तर दुसरा वसईकडे जातो. महापालिका ठाण्याची, जीवनक्रम मात्र अर्धा डोंबिवलीचा. दातिवली, आगासन, बेतवडे, साबे या मूळच्या आगरी-कोळी गावांच्या भोवती गेल्या काही दशकांत चाळी आणि इमारती यांची इतकी दाट वस्ती उभी राहिली की, रस्त्यांची रुंदी गावाची राहिली आणि लोकसंख्या शहराची झाली. या वस्तीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. नोकरीचे ठिकाण मुंबईत वा ठाण्यात, राहणे दिव्यात आणि मन मात्र गावच्या घराकडे, अशी ज्या माणसाच्या आयुष्याची त्रिस्थळी वाटणी झालेली आहे, तो माणूस आज शोरूमच्या काचेआड उभ्या असलेल्या छोट्या एसयूव्हीकडे आशेने पाहतो आहे.

त्याची आशा मला समजते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जात असता दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. ज्या घरातील कर्ता माणूस रोज त्याच मार्गाने, त्याच गर्दीतून जातो, त्या घरातील मंडळींनी ‘आता हप्त्याने का होईना, गाडी घेऊच’ असे म्हटले, तर त्यात चैनीचा लवलेशही नाही. तथापि येथेच स्पष्ट बोलणे भाग आहे. दिव्याहून ठाण्याकडे गाडीने निघालेल्या माणसाला प्रथम शिळफाट्याकडे जावे लागते, तेथून मुंब्रा बाह्यवळण गाठावे लागते, आणि अवजड वाहनांच्या रांगेमागून सरकत सरकत जे अंतर कापावे लागते ते लोकल काही मिनिटांत पार करते. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचे काम चालू असल्याने ही कोंडी लवकर सुटेल असेही नाही. लोकलला पर्याय म्हणून ज्याने गाडी घेतली, तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा फलाटावर उभा राहतो, आणि हप्ता मात्र चालूच राहतो. लोकलच्या दाराशी होणारे मृत्यू थांबवायचे असतील तर गाड्यांच्या फेऱ्या आणि डबे वाढले पाहिजेत. ही मागणी ढिली पडू देऊन मोटारीने ती भागवावी, हे मला मुळीच मान्य नाही.

मग दिव्यातला खरा ग्राहक कोण? माझ्या मते, सोमवार ते शुक्रवार रेल्वेनेच जाणारे, परंतु आई-वडील घरात असलेले, रात्री-अपरात्री कळवा किंवा डोंबिवलीच्या इस्पितळात जाण्याची वेळ येणारे, आणि वर्षातून दोन-तीनदा, निदान गणपतीला व मे महिन्यात, गावी जाणारे कुटुंब. दिवा-सावंतवाडी गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते, आरक्षण उघडताच संपते. अशा वेळी स्वतःची गाडी ही त्या कुटुंबाची खरी गरज ठरते. कंपन्यांच्या जाहिरातींत डोंगरमाथ्यावर उभे असलेले तरुण जोडपे दिसते. दिव्यातल्या गाडीत मात्र मागच्या बाकावर आजी, आजीशेजारी नातू, आणि डिकीत जाताना मखराचे सामान, येताना तांदूळ नि आंब्याच्या पेट्या असतात. गाडीची परीक्षा या कुटुंबाच्या गरजेने केली, की जाहिरातीतील निम्मे गुण गळून पडतात.

प्रथम आसनाची उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसावे लागणाऱ्या सेडानपेक्षा या गाड्यांत बसणे-उतरणे निःसंशय सुलभ असते, आणि केवळ या एका कारणासाठी जरी कोणी छोटी एसयूव्ही निवडली तरी ती निवड योग्य म्हणावी. दुसरी गोष्ट ग्राउंड क्लिअरन्सची. पंचचा तो १८७ मिलीमीटर, कायलॅकचा १८९, तर नेक्सॉनचा २०८ मिलीमीटर सांगितला जातो. दिव्यातल्या बेहिशेबी गतिरोधकांवर आणि पावसाळ्यात खड्डा व रस्ता यांतील भेद बुजवणाऱ्या पाण्यात हे आकडे कामाला येतात. मात्र गाडी उंच आहे म्हणून साचलेल्या पाण्यात घालण्याची मुभा मिळाली असे कोणी समजू नये. हवा खेचण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरले की ते पाणी दाबले जात नाही, दट्ट्याचे दांडे वाकतात, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही.

सर्वांत अधिक विचार करावा तो डिकीचा, कारण येथे गिऱ्हाइकाची फसगत होण्याचा संभव मोठा आहे. इंधनाचा खर्च वाचावा म्हणून आपल्याकडील बहुतेक लोक सीएनजीकडे वळतात, आणि रोजच्या धावपळीसाठी ते शहाणपणाचेही आहे. पण पंचच्या पेट्रोल गाडीची ३६६ लिटरची डिकी सीएनजीच्या दोन टाक्या तळाशी बसवल्यानंतर २१० लिटरवर येते. टाक्या तळाशी आडव्या बसवण्याची योजना उत्तम खरी, तरी गणपतीचे सामान त्यात मावत नाही. याउलट कायलॅकची डिकी ४४६ लिटरची. आठवड्याला एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीवर सीएनजीची वाढीव किंमत वसूल व्हायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या फिरण्यावरून कागदावर मांडावा. माझ्या मते वर वर्णिलेल्या कुटुंबाने पेट्रोलच घ्यावे. भरलेली गाडी घाटात चढवायची असेल, तर कायलॅकचे एक लिटरचे टर्बो इंजिन (११५ अश्वशक्ती) पंचच्या साध्या १.२ लिटर इंजिनाहून पुष्कळ सरस ठरते. कोकणच्या वाटेवरील कशेडीचा बोगदा खुला झाल्यापासून एक घाट टळला आहे, पण गावाकडचे चढ कोठे टळले?

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. नेक्सॉनने २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवले, आपल्या देशात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळाले होते. आता ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची स्वतंत्र पद्धती अंमलात आहे आणि कायलॅकलाही त्यात पाच तारे आहेत. सनरूफसाठी लाखभर अधिक मोजणाऱ्याने तेच पैसे मागच्या आसनावर सर्वांना पट्टे आणि बालकासाठी वेगळे आसन यांवर खर्चावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता पैशाचे. पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर शेकडा ११ पडतो, त्यावर विमा. म्हणजे शोरूमच्या फलकावरील आकडा आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची किंमत यांत लाखाहून अधिक अंतर राहते. सात लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने सात वर्षांसाठी काढल्यास हप्ता सुमारे ११,२६० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४६ हजार. तेच पाच वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे १४,५३० रुपये, पण व्याज १ लाख ७२ हजारांवर थांबते. चौदा हजारांचा हप्ता झेपत नसेल, तर मुदत लांबवण्यापेक्षा लहान गाडी पाहावी.

आणि जागा. ज्या इमारतींना परवानगीचे दस्तऐवजच नाहीत, त्यांच्या आराखड्यात वाहनतळ कोठून असणार? परिणामी गाडी गल्लीत उभी राहते, शेअर रिक्षा अडतात, रुग्णवाहिका वळू शकत नाही. परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये वाहनतळाचा दाखला असल्याशिवाय नोंदणी नाही, असे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यावर पुष्कळ नाराजी उमटली. मला मात्र त्या धोरणाचा हेतू रास्त वाटतो, जरी पालिकेने आधी सार्वजनिक वाहनतळ बांधल्यावाचून त्याचा सारा भार सामान्य माणसावर पडेल. तोवर जागेचे भाडे महिन्याच्या खर्चात धरूनच गाडीचा निर्णय करावा. विक्रेत्याकडे टेस्ट ड्राइव्ह मागताना हमरस्त्यावर न जाता गाडी आपल्या गल्लीत, रेल्वे फाटकाजवळच्या गर्दीतून, आई-वडिलांना मागे बसवून आणवावी आणि ती एका दमात वळते की मागेपुढे करावी लागते, हे स्वतः पाहावे. विक्रेता कुरकुरला तर दुसरा गाठावा.

पुढील लेखांकात विम्याच्या अटींचा, विशेषतः पाण्याने होणाऱ्या नुकसानीच्या कलमाचा, विचार करू.